घोडं कुठे पेंड खातंय

आमचे हे जन्मभर लिफ्टच्या दुरुस्तीत होते. दिवसभर इमारतींच्या पोटात लोंबकळायचं आणि घरी येऊन जेवताना मला एकच वचन ऐकवायचं, "बटण कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस." लिफ्टचं दार नीट लागलं नसलं की दारातलं बटण लिफ्टला हलू देत नाही. लोक वैतागतात. म्हणतात, त्या बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका की, मिटली कटकट! ह्यांनी कधी जोडल्या नाहीत. त्यावरून भांडणं झाली, बदल्या झाल्या, पण नाही म्हणजे नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

निवृत्त झाल्यावर ह्यांच्या वाट्याला उरलं ते घरामागचं गवत. आमचं घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळे मागे भलंमोठं अंगण आलंय. हे ढकलायचं यंत्र घेऊन ते सगळं कापायचे, कंगव्याने भांग पाडल्यासारखं सरळ. यंदा मात्र अर्ध्यात थांबायला लागले. बादली उपडी घालायचे, तिच्यावर बसायचे आणि घराकडे पाठ करायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. धापा टाकणारी पाठ काय लपते होय?

मग कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पडलं. खिळा तापवून स्वतःच पाडलं. विचारलं तर म्हणे, "चामडं सैल होतं गं जुनं झालं की." चामडं! थोड्या दिवसांनी आणखी एक भोक. माझे वडील असेच सैल होत होत गेले. आधी बोटातली अंगठी निसटली, मग मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, उन्हाळा आहे, जेवण जात नाही. त्यामुळे ते दुसरं भोक पाहिलं आणि त्याच दिवसापासून मी ह्यांच्या मागे लागले.

"डॉक्टरकडे चला."

"मला काय धाड भरलीय?"

हा संवाद सकाळी चहाबरोबर आणि दुपारी जेवणाबरोबर. लेकीने फोनवरून समजावून पाहिलं, रडून पाहिलं. हे ढिम्म. आणि एक दिवस शेजाऱ्याच्या गाडीला मागे बांधून ह्यांनी ते धूड घरी आणलं. बसून चालवायचं, गवत कापायचं यंत्र. कुठल्याशा शाळेने मैदानावरून काढून टाकलेलं. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, सीट उंदरांनी कुरतडलेली.

"हे घोडं कशाला आणलंत दारात?" मी म्हटलं.

"दुरुस्त करीन. ह्याच्यावर बसून कापलं की दम लागणार नाही."

म्हणजे दम लागतो! बोलून फसले बिचारे. मी तिथेच पकडलं. मग असं भांडण झालं की विचारू नका, आणि शेवटी ह्यांनी शब्द दिला, "हे घोडं चालायला लागलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे येतो. तोवर नाव काढायचं नाही." मी मेली भोळी. मला वाटलं, चला, चार दिवसांचा प्रश्न.

मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. हे आधी पाती काढून घासत बसले. मग टाकीतलं कुजकं पेट्रोल उपसलं, कार्बोरेटर खोलून त्याचे एवढे एवढे तुकडे माझ्या चांगल्या ताटात मांडले. ताट गेलं ते गेलंच. इंजिनाचा पट्टा नवा आला, बॅटरी नवी आली. सीट मी शिवून दिली, जुन्या पडद्याचं जाड कापड घालून, आणि मनातल्या मनात प्रत्येक टाक्याला म्हणत होते, लवकर चाल बाबा, लवकर चाल. मी एखाद्या यंत्राला एवढं विनवलं नव्हतं कधी. मिक्सरलासुद्धा नाही.

आणि एके सकाळी ते धडाडलं. मी लाटणं टाकून मागे पळाले. हे सीटवर, पाय ब्रेकवर, निळा धूर आणि तोंडभर हसू. "गंगेत घोडं न्हालं!" मी ओरडले. ह्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि यंत्र बंद पडलं. पुन्हा चालू केलं. ब्रेक दाबलेला असेपर्यंत ठणठणीत, पाय काढला की मेलं. दिवसभर तेच.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते कळेना. प्लग बदलला, नळ्या बदलल्या. मग शेजारी आला. ह्याला आम्ही घरात सल्लागार म्हणतो, कारण न मागता देतो. खिशात हात घालून तो म्हणाला, "अहो, सीटखाली बटण असतं. वर माणूस बसलाय की नाही ते बघतं. माणूस पडला तर पाती फिरत राहायला नकोत ना, म्हणून लगेच इंजिन बंद करतं. तुमचं बटण गंजलं असणार. दोन तारा जोडून टाका, काम फत्ते."

झालं! ह्यांचा चेहरा लाल. "माझ्यासमोर ती भाषा नको," म्हणाले. सल्लागार मान उडवून गेला. मी मात्र त्याच्या मागे जाऊन त्याला परत आणायच्या बेतात होते. मनात म्हटलं, जोडा ना एकदाच! आयुष्यभर नाही जोडल्यात, आज माझ्यासाठी जोडा!

ह्यांनी नवं बटण आणून बसवलं. त्या दिवशी संध्याकाळी हे आत आले, ताटावर बसले आणि अर्धं तसंच ठेवून उठले. "काय झालं? चाललं का?" तर म्हणाले, "नाही. अजून बंद पडतंय." डोळ्याला डोळा दिला नाही.

तेव्हापासून शेडमध्ये जाणं होतं, पण खटखट ऐकू येत नव्हती. मला वाटायला लागलं, हा माणूस मला बनवतोय. डॉक्टरकडे जायला नको म्हणून मुद्दाम अडवून ठेवलंय. एकदा दुकानातून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला इंजिनाचा आवाज आला, चांगला लांबलचक, एका लयीत. मी पिशव्या घेऊन धावले. पोचले तर सगळं शांत, आणि हे गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड बाकाखाली ढकलत होते. गवतात मात्र ताजा पट्टा कापलेला.

"चाललं ना आत्ता?"

"बंद पडलं."

माझं टाळकंच सरकलं. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले आणि मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. गेले शेडमध्ये, साडी कमरेला खोचली आणि चढले घोड्यावर. रोज बघून बघून सगळं पाठ होतं. ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, धडाडलं. देवाचं नाव घेतलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

चाललं! अहो, चाललं म्हणजे काय, मला घेऊन सुटलंच. शेडच्या बाहेर, वाळत घातलेल्या चादरीखालून, सल्लागाराच्या कुंपणाच्या दिशेने. मी किंचाळत होते, पण रागानेही आणि आनंदानेही. कसाबसा ब्रेक सापडला. हे डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभे.

"फसवता मला?" मी तिथूनच सुरू केलं. "चांगलं धडधाकट चालतंय की! काढा कपडे बाहेरचे, चला डॉक्टरकडे!"

हे हळूहळू आले. मी उतरले, हे बसले. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. ब्रेकवरचा पाय उचलला, बंद.

"उठा," मी म्हटलं. मी बसले. चाललं.

पुन्हा हे बसले. बंद.

मी वजनदार बाई, ते लपवत नाही. आणि मी शिवलेल्या त्या सीटवर हे बसले होते, तर कापडाला नीटशी घडीसुद्धा पडली नव्हती. मी शेडमध्ये जाऊन बाकाखालचं गोणपाट ओढलं. आत दोन फरशा होत्या.

"ह्या मांडीवर घेऊन चालवत होतात?"

ह्यांनी हो म्हणून मान हलवली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"नवं बटण बसवलं तेव्हाच." टॉवेल डोक्यावरून काढून हातात घेतला होता, त्याच्या दशा ओढत बसले होते. "जुनं गंजलेलं होतं, मला वाटलं ते चुकत असेल. नवं कशाला चुकेल? मी बसलोय गं त्याच्यावर, आणि ते म्हणतंय, इथे कुणी नाही."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. "मग तारा जोडायच्या होत्या! माझ्यापासून लपवायचंच होतं तर जोडायच्या होत्या, मला जन्मात कळलं नसतं!"

"हात गेला होता एकदा," हे म्हणाले. "भीती वाटली फार. पण नाही जोडवल्या."

मग मी सीटच्या मागे गेले, दोन्ही हात सीटच्या कडेवर ठेवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. "लावा किल्ली," म्हटलं. इंजिन लागलं. ह्यांनी ब्रेक सोडला आणि घोडं चाललं. हे वर, मी मागून सीट दाबत, चपला फटफट वाजवत. कुंपणापलीकडे सल्लागाराचा चहाचा कप तोंडापाशी तसाच राहिला. एक अख्खा पट्टा कापला आम्ही, थोडा वाकडा, पण कापला.

"चाललं," मी म्हटलं. "आता शब्द पाळा." किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली.

दवाखान्यात नर्सने नाव, वय विचारलं आणि कोपऱ्यातला वजनकाटा दाखवला. ह्यांनी चपला काढल्या, कमरेचा पट्टा काढून माझ्याकडे दिला आणि काट्यावर चढताना जरा डगमगले. माझा हात आपोआप पुढे गेला, ह्यांच्या पाठीला आधार द्यायला.

"नको," हे म्हणाले. "आता तू हात लावू नकोस. ते काय म्हणतंय ते ऐकू दे."

मी हात मागे घेतला. पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि त्या काट्याकडे बघत उभी राहिले.