कलादालनातले रविवार

मुलीला भेटण्यासाठी न्यायालयाने मला रविवारची सकाळ दिली होती, आणि भेट सार्वजनिक ठिकाणी व्हावी असे आदेशात म्हटले होते. सार्वजनिक ठिकाण म्हणजे नेमके कोणते, याचा मी सुरुवातीला प्रामाणिकपणे विचार केला. बागेत ऊन असे. उपाहारगृहात समोरासमोर बसावे लागे. संग्रहालयात मात्र दोन माणसे शेजारी उभी राहून तिसऱ्याच गोष्टीकडे पाहू शकतात. ती सोय मला मानवली.

घटस्फोटानंतर ती आईबरोबर कसबा पेठेत, आजोळी राहत होती. मी शहराच्या टोकाच्या मांजरीहून स्कूटरने येऊन गल्लीच्या तोंडाशी थांबत असे. ती लहान होती तेव्हा आम्ही जुन्या वस्तूंच्या संग्रहालयांत जात असू. अडकित्ते, दौती, गंजलेल्या तलवारी, कोणा सरदाराच्या घरातले कोरीव दार. पुढे ती मोठी झाल्यावर डेक्कनच्या बाजूची कलादालने सुरू झाली. तिथे दाराशी चित्रकार स्वतःच टेबल टाकून बसलेला असे आणि उद्घाटनाचे उरलेले पेढे पुढे करी. आम्ही डावीकडून सुरुवात करून प्रत्येक चित्रापुढे सारखाच वेळ थांबत असू. मी म्हणे, "निळा रंग चांगला लागला आहे." ती म्हणे, "हं."

खरे सांगायचे तर त्या वर्षांत कोणत्याही चित्रापुढे मला काहीही वाटले नाही. दुःखही नाही. दंतवैद्याने भूल दिल्यावर गालाला हात लावावा आणि तो दुसऱ्याचाच भासावा, तसे सगळे दिवस मला भासत. माझ्या संसारात भांडणेही फारशी झाली नव्हती. तिची आई बोले, मी ऐकून घेई, आणि ऐकून घेण्यालाच मी समंजसपणा समजत असे. "इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते," असे ती समुपदेशकाच्या खोलीत म्हणाली. तेव्हाही मी समजूतदारपणे मान डोलावली होती.

त्यानंतर कधीतरी मुलीला अठरावे वर्ष लागून ते संपतही आले. येत्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता आणि त्या दिवसापासून आदेशाचा अंमल संपणार होता. तिने यावे असे सांगणारा कागद उरणार नव्हता. यायचे की नाही ते तिने ठरवायचे होते. मी तिला विचारणार होतो. गल्लीच्या तोंडाशी विचारले नाही, सिग्नलला विचारले नाही, आणि आम्ही कलादालनात पोहोचलो.

त्या सकाळी तिथे व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक होते. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. चित्रकार लोकांसमोर कोणाला तरी खुर्चीत बसवतो आणि दोनेक तासांत त्याचे चित्र रंगवतो. लोक खुर्च्या मांडून, नाहीतर चित्रकाराच्या पाठीशी उभे राहून पाहतात. ज्या दाढीवाल्या गृहस्थांना बसवायचे ठरले होते, ते आलेच नव्हते.

"कोणी बसतंय का?" वयस्क चित्रकारांनी विचारले. "पगार नाही. चहा आहे."

माझ्या मुलीने हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवले. "यांना घ्या. हे अजिबात हलत नाहीत."

लोक हसले. मी खुर्चीत जाऊन बसलो. समोरच्या भिंतीवरच्या लाल अग्निशामक नळकांड्याकडे पाहत राहायला त्यांनी सांगितले. पहिल्या रांगेतली मुलीची खुर्ची माझ्या नजरेच्या अगदी डाव्या कडेला येत होती. तिचा पिवळा कुर्ता तेवढा जाणवत होता.

चित्रकार काम करता करता लोकांना समजावून सांगत होते. कपाळ झाले, नाक झाले. मग ते थांबले. "साहेब, बसलात उत्तम. पण आपण व्यक्तिचित्राला बसला आहात, स्थिरचित्राला नव्हे. सुरई आणि दोन सफरचंदं मी घरीही काढतो."

मागून कोणी बाई म्हणाल्या, "अहो, छळू नका त्यांना."

"छळत नाही हो. माणूस शोधतोय."

पुन्हा हशा झाला. मीही हसलो असेन. आणि थोड्याच वेळात डाव्या कडेचा पिवळा रंग उठला आणि नाहीसा झाला.

मी मान वळवली नाही. ती बाहेर गेली असावी, फोन आला असावा, कंटाळली असावी. तिच्या जागी कोणीही कंटाळले असते. मग वाटले, गेली. निरोप घेण्याचा अवघड प्रसंग टाळण्यासाठी तिने ही चांगली वेळ निवडली. मी नळकांड्याकडे पाहत राहिलो. तळहात ओले झाल्याचे मला उशिरा कळले.

"हां," चित्रकार हळूच म्हणाले. "आता आलात. तसेच राहा. हलू नका."

आणि मी हललो नाही. याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. माझी मुलगी कायमची निघून गेली असे वाटत असताना एका परक्या माणसाने हलू नका म्हटले, आणि मला ते पाळणे सोपे गेले.

मधल्या सुटीत चहा आला तेव्हा मी उठून वळलो. ती चित्रफलकाच्या मागे, चित्रकारांच्या खांद्याशी उभी होती. बराच वेळ तिथेच असावी.

चित्र पुरे झाल्यावर ते चित्रकारांनी ठेवून घेतले. मीही मागितले नाही. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली, "मी उठले तेव्हा तुझा चेहरा बदलला. काकांनी केलेले डोळे पुसून परत काढले."

"हो का?"

"घाबरलास?"

"हो."

"मग वळून का नाही बघितलंस?"

"त्यांनी हलू नका सांगितलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिले. आईसारखेच, पण रागाने नव्हे. "बाबा, तू ग्रेट आहेस," ती म्हणाली, आणि ती स्तुती नव्हती हे मला कळले.

मी तेव्हा विचारले. घसा साफ करून, कार्यालयात विचारावे तसे. "पुढच्या रविवारी येशील का?"

"नाही." ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "रविवार नको आता. शुक्रवारी संध्याकाळी येते."

"शुक्रवारी कुठले प्रदर्शन उघडे असते ते पाहावे लागेल."

"प्रदर्शन नको ना! मला नाही आवडत चित्रं. कधीच नाही आवडली. तुझ्या घरी येते. तू राहतोस कुठे ते मी बघितलंसुद्धा नाहीये."

मांजरी लांब आहे, बसला गर्दी असते, रस्त्याचे काम चालू आहे, असे मी सांगू लागलो. ती म्हणाली, "पत्ता पाठव."

शुक्रवारी ती आली. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने तिला अडवून कोणाकडे म्हणून विचारले, तेव्हा मला खाली जावे लागले. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली होती. तिने घर पाहिले आणि हात धुऊन जेवायला बसली. वरणात मीठ कमी पडले होते. तिने ते मागून घेतले.