चार बोटं जागा

मला सायकल घ्यायची आहे, एवढं मी एकदा गल्लीत बोललो आणि महिनाभर डोक्याला ताप करून घेतला. ज्यांनी उभ्या आयुष्यात पायडल मारलं नव्हतं, त्या शेजारच्या कापडवाल्या काकांनी धक्के झेलणाऱ्या शॉकअपशिवाय घेऊच नका म्हणून बजावलं. वडिलांना मागे कॅरिअर हवं होतं, मधला स्टँड हवा होता, चेनला पत्र्याचं कव्हर हवं होतं. सायकल नेमकी कुणाला चालवायची आहे, हे हळूहळू सगळेच विसरले.

मी तेव्हा तिशीचा, प्राथमिक शाळेत मास्तर, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. शाळा चांदनी स्टेशनापासून बरीच आत, डोंगरातल्या एका पाड्यावर. सकाळच्या पॅसेंजरनं उतरायचं आणि पुढे दगडगोट्यांची वाट तुडवायची. शाळा सुटल्यावर चालत परत निघालं की संध्याकाळची गाडी हमखास हुकायची. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तेवढीच गाडी मिळायची. म्हणून सोमवार ते शनिवार मी पाड्यावरच एका खोलीत राहायचो, आणि नवी नवरी बऱ्हाणपुरात माझ्या वडिलांना पोळ्या करून वाढायची. माझी आई तोवर गेलेली होती. वडिलांची जुनी काळी सायकल नेऊन पाहिली, तर पंधरवड्यात रिम वाकली आणि चढावर मीच तिला वाहून नेऊ लागलो. जाड टायरची, गिअरची सायकल स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडे ठेवता आली असती, आणि मग मला रोज घरी येता आलं असतं. मला दुसरं काहीही नको होतं.

बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्याकडे त्या दारातून आल्या त्या या सायकली. माझ्या मेहुण्यानं इंदूरहून पत्र पाठवलं, आणि महिनाभरात मला मिळालेला तेवढाच एक शहाणा सल्ला. ‘भाऊजी, स्वस्तातली घ्या, पण फ्रेम तुमच्या मापाची घ्या. गिअर, ब्रेक, सीट, पुढचं चाक धरणारा चिमटा सगळं पगार वाढेल तसं बदलता येईल, फ्रेम बदलता येत नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय पुरते टेकवून उभे राहा. दांडी आणि तुमच्या मध्ये चार बोटं जागा राहिली पाहिजे. डोंगरात सायकल कुठेही थांबते, तेव्हा पाय जमिनीला लागला नाही तर पडाल.’ मी ते पत्र खिशात घालून बऱ्हाणपुरातल्या इतवारा बाजारात, सायकलच्या दुकानावर गेलो. बरोबर वडील होते आणि बायकोही होती.

दुकानात दोनच सायकली होत्या. एक लहान फ्रेमची, विटक्या हिरव्या रंगाची. दुसरी मोठी, लालभडक. मी हिरवीवर उभा राहिलो, पाय टेकले, चार बोटं जागा राहिली. तिथेच पैसे देऊन निघायला हवं होतं.

“मास्तर, ये तो बच्चों का साइज है,” दुकानदार म्हणाला. “नववी-दहावीचे पोरं नेतात.”

“मास्तर मानूस पोरायच्या सायकलवर जाईन का?” वडील म्हणाले. “शाळेतले पोरं हासतीन.”

“छोटीच घ्या,” बायको हळूच म्हणाली. “तुमचे पाय टेकतात तिच्यावर.”

इथे सांगून टाकतो. माझी बायको माझ्यापेक्षा तीन इंच उंच आहे. लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे आणि पाट दिसू नये म्हणून पुढे फुलांची कुंडी ठेवलेली आहे. या विषयावर आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नसे. तिनं भरदुकानात माझ्या पायांचा विषय काढला आणि मला इतका राग आला की मी थेट लाल सायकलवर टांग टाकली. टाचा उचलून उभा राहिलो. दांडी नको तिथे टेकली. चार बोटं सोडा, मेहुण्याचं पत्रही मध्ये मावलं नसतं.

“एकदम बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्या सायकलशी भांडत काढली. सपाटीवर ती झकास चालायची. पण दगडात अडखळली की माझा पाय हवेत, आणि मी काटेरी झुडपात. भीतीनं मी अर्धी वाट उतरून चालायचो आणि गाडी हुकायचीच. मग मी एकेक भाग बदलत सुटलो. सीट खाली केली, सीटचा दांडा कापून घेतला, हँडल बदललं, ब्रेक बदलले, काकांच्या नादानं शॉकअपचा चिमटासुद्धा टाकला, त्यानं तर सायकल आणखी उंच झाली. दर वेळी मी घरी सांगायचो, आता सोमवारपासून रोज येतो. आणि दर वेळी शनिवारीच उगवायचो. फ्रेमबद्दल मी कुणाशी बोललो नाही.

एका शनिवारी उतारावर असा आपटलो की शनिवारचीही गाडी गेली. रविवारी दुपारी लंगडत घरी पोचलो. बायकोनं गुडघा धुतला, हळद भरली, आणि मग बोलली.

“मी तुमच्यापेक्षा उंच हाय, हे अख्ख्या गल्लीले माहीत हाय. बाबाले माहीत हाय, त्या दुकानवाल्याले माहीत हाय. तुमालेच एकट्याले लपवायचं हाय. तुमच्या त्या लपवण्यापायी मी दोन वर्षं एकटी जेवते. बाबा जेवून उठतात, मग मी एकटी.”

 

सोमवारी रजा टाकली आणि इतवाऱ्यातून लहान फ्रेमची सायकल घेऊन आलो. मंगळवारी संध्याकाळी वाटेत चार ठिकाणी अडखळलो, चारही वेळा पाय टेकला आणि पुढे निघालो. गाडीच्या वीस मिनिटं आधी मी चांदनीच्या फलाटावर उभा होतो. इतकं सोपं होतं, याचाच मला भयंकर संताप आला.

घरी पोचलो तेव्हा ती जेवून भांडी घासत बसली होती. पोळ्यांचा डबा धुऊन पालथा घातलेला. रोज येतो म्हणून मी सकाळी सांगून गेलो होतो. रागानं जेवली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावलेली नव्हती, तिनं वाट बघणं केव्हाच सोडून दिलं होतं.

“बसा, कणीक भिजवते,” ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.