डावी पाकळी

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडावर गाठ दिसली. गेल्या महिन्यात तो गेला. मधली वर्षं मी एक गोष्ट मनात ठेवून काढली.

गाठ मुठीएवढी होती. सबंध मूत्रपिंड काढणं सोपं, सर्जन म्हणाले. पण दादाचं डावं जन्मापासून लहान, ते एकटं पुरलं नसतं. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दुसरी वाट म्हणजे गाठ तेवढी कापून उरलेला भाग राखायचा. त्यात रक्तस्रावाची भीती, आणि गाठ पुन्हा येणार नाही याची हमी नाही. दादा सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "देवाक विचारूया." पार्सेच्या त्याच्या काजूबागेत विहीर खणतानाही त्याने कौल लावला होता.

तो इस्पितळात, म्हणून देवळात मी गेले. मूर्तीला पाकळ्या चिकटवून गुरवाने विचारलं, मूत्रपिंड राखावं का? उजवी पडली तर होय. बराच वेळ गेला... पडली ती डावी. डिचोलीच्या वाचनालयात जन्म घालवलेली मी, कौल मानत नाही म्हणायची. तरी तो कौल खराच वाटला. पण बागेवाचून, यंत्राला जोडलेला दादा मला डोळ्यांसमोर आणवेना. इस्पितळात जाऊन सांगितलं, "उजवी."

दादाने मूत्रपिंड राखण्याच्या कागदावर सही केली. शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंडाचा अर्धाअधिक भाग वाचला. पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं, म्हणून त्याने फेणीची रिकामी बाटली धुऊन तिच्यावर रंगाने चार रेघा ओढल्या, दिवसभराच्या पाण्याचे चार वाटे. शेजारी कुंपणावरून ओरडायचे, "काय दादानू, सकाळचीच?" "डॉक्टरान सांगल्यान," म्हणत हा पहिल्या रेघेपर्यंत पिऊन टाकायचा. पाच वर्षं त्याने बाग केली. मग गाठ फुप्फुसात निघाली. सगळं काढलं असतं तर टळलं असतं का, मी सर्जनना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. ते वाक्य घेऊन मी घरी आले.

शेवटच्या आठवड्यात त्याच्या उशाशी बसून पाकळीचं खरं सांगितलं. तो डोळे मिटूनच हसला.

"गुरवान त्याच दिवशी फोन केल्यान माका."

"मगे सही कित्याक केलंस?"

"माका बाग व्हयी होती, बाय. देवान आपला सांगल्यान, मी माझा केलंय. तू मात्र सहा वर्सां उगीच दमलंस."

खरंच दमले आहे... कौल आता कुणापासून लपवायचा नाही. बाटली त्याच्या खिडकीत आहे, बूच लावलेली. त्याने ठेवलेलं पाणी दुसऱ्या रेघेवर आहे.