आत्याबाईंची मिसरीची डबी

आत्याबाई गेल्याचं सांगायला हे दवाखान्यातून सायकलवर आले, तेव्हा मी पीठ मळत होते. सासू गेली म्हटल्यावर रडू यायला हवं होतं. मला आधी आठवली त्यांची मिसरीची डबी... महिना उलटून गेलाय, भेटायला येणारं माणूस अजून "सुटल्या बिचाऱ्या" म्हणतं. मला ते ऐकवत नाही.

आत्याबाई मोडनिंबच्या. मिलच्या भोंग्याला उठायच्या आणि आधी बोटावर मिसरी घ्यायच्या. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरीसुद्धा त्यांनी तोंड वाकडं न करता खाल्ली. म्हणून तर मला कळायला हवं होतं. पण माणसाचं डोकं गेलं की त्याचं सगळंच गेलं, असं आपण धरून चालतो. शेवटी शेवटी त्या मला आपली थोरली बहीण समजायच्या. घास गालात धरून बसायच्या. "गिळा की आता, माझं धुणं पडलंय," म्हणून मी ओरडायचे. तोंड पुसायला गेले तर एकदा कडकडून चावल्या, तो किस्सा मी चाळभर हसत सांगितला.

मिसरी मात्र दिवसभर चालायची. चादरी, भिंती, सगळीकडे थुंकी. म्हातारपणी व्यसन वाढलं, असं यांना सांगून मी डबी लपवली. त्या हुडकून काढायच्या, मी जागा बदलायची. मग सापडेना तेव्हा पदर धरून मागे फिरायच्या.

"आक्का, डबी दे की गं. लई ठणकतंय."

"कुठं ठणकतंय?"

कधी गुडघा दाखवायच्या, कधी कपाळ. मला वाटायचं, सोंगं नुसती.

गाल सुजला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून बॅटरी मारली. दाढ पोखरलेली, हिरडीत पू, गालाच्या कोपऱ्यात कुजलेली भाकरी. "यांचं तोंड कोण धुतं?" त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी फरशीकडे. मी रोज अंघोळ घालत होते, वेणी घालत होते, चाळीत सगळे माझं कौतुक करत होते. तोंडात मात्र बघितलं नव्हतं.

मिसरीनं हिरडी बधिर होते, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझी आई दाढ दुखली की तेच चोळायची. आत्याबाई घर विसरल्या, मला विसरल्या; दुखल्यावर काय लावायचं तेवढं त्यांच्या लक्षात होतं. तेच मी काढून घेतलं.

दाढ काढली, पण ताप छातीत उतरला. पडल्या पडल्या रिकामं बोट हिरडीवर फिरवायच्या. डॉक्टर काही म्हणोत, डबी द्यायचीच म्हणून मी घर पालथं घातलं. शेवटची कुठं लपवली, ते मला आठवेना... शहाणी मी.

परवा ज्वारीचं पिंप तळाला लागलं. दळण काढताना डबी हाताला लागली. आता ती त्यांच्या उशाच्या खिडकीत ठेवलीय. आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पदर अडकला, तरी मी "देते हं" म्हणत मागे वळते.