मार्शलसाठी एक मिनिट

आखातातल्या आमच्या सलवा भागातल्या घरी आज सकाळी कॉफी उतू गेली आणि त्या करपट वासाने मला वीस वर्षांपूर्वीच्या, इथल्याच राई नावाच्या भागातल्या गोदामात नेऊन उभं केलं.

तिथे मी हिशेबनीस होतो. दोन फोरमन युगोस्लाव्हियाचे, एक सर्ब, दुसरा क्रोएट. देश कधीच फुटला होता, युद्धात दोघांचीही घरं जळाली होती. एकमेकांशी बोलत नसत, निरोप्या मी. पण त्यांच्या जुन्या देशावर राज्य केलेला कम्युनिस्ट मार्शल पंचवीस वर्षांपूर्वी ज्या दिवशी, ज्या मिनिटाला वारला होता, त्या दिवशी, त्या मिनिटाला दोघंही काम टाकून ताठ उभे राहिले. शेगडीवर त्यांची कॉफी उतू चालली होती, कोणी हलेना. कुणीतरी गेलंय एवढं कळून मीही हात जोडून उभा राहिलो.

मिनिट संपलं. सर्ब मला म्हणाला, "त्याला सांग, देश तुम्ही मोडलात."

"त्याला सांग, आधी चोऱ्या तुम्ही केल्यात," क्रोएट म्हणाला.

तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आज त्या मार्शलची किळस येते. पस्तीस वर्षं गावोगाव स्वतःच्या तसबिरी टांगल्या, तोंड उघडेल त्याला तुरुंगात घातलं, आणि याला म्हणे एकी! कुकरचं झाकण दाबून धरणाऱ्याला कोणी सुगरण म्हणतं का?

काल आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपल्या देशाला असाच एक खमक्या माणूस हवा." खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक माझा.

गोदामात निदान मला ठाऊक नव्हतं, मी कोणासाठी उभा आहे.