डाव्या पेडलची स्प्रिंग

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. इथले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात खुसपटं काढत असतो. त्यामुळे माझ्यावर कोणी हसलं तर मला राग येणार नाही... पण घडलं ते असं.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचे. माझा मोठा भाऊ, विलासदादा, नांदुऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. लग्नं, जयंत्या, गणपती... सीझन संपला की घरची कपाशी. त्याच्याकडे जुनं पण झकास डबल पेडल होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो - ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा ढोल पायाने वाजवतात. डबल पेडल म्हणजे दोन्ही पायांखाली एकेक पट्टी आणि एकाच ढोलावर पडणाऱ्या दोन हातोड्या. हातोडी मागे खेचायला स्प्रिंग असते, तिचा ताण नट फिरवून कमीजास्त करायचा. दादाला स्प्रिंग अगदी सैल लागायची. अनवाणी वाजवायचा आणि त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा हलका चालायचा. अख्ख्या तालुक्यात तसा पाय नव्हता, हे मी भाऊ म्हणून सांगत नाहीये.

ज्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, त्या वर्षी गावात सगळेच फवारणीचे पंप घेऊन धावत होते. दुकानदाराने दोन औषधं एकात मिसळून मारायला सांगितली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, पंप गळका आणि आमचे बंधू शेतातही अनवाणी! औषध पाठीवरून पायापर्यंत ओघळत राहिलं. विषबाधा झाली; दवाखान्यातून जीव घेऊन परत आला, पण पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही पाय घोट्यापासून लुळे पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा गेल्यात, परत येतीलच असं नाही. टाचणी टोचली तरी त्याला कळायचं नाही.

ऑर्केस्ट्राच्या सलीमभाईंनी त्याच्या जागी मला बसवलं. मी हौशी वाजवणारा. नांदुऱ्याला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. पहिल्या दिवशी मी तिथेच असलेल्या दादाच्या पेडलच्या सेटिंगला हातच लावला नाही. डावा पाय कच्चा होता, म्हणून दुपारभर फक्त डाव्यानेच हळूहळू ठोके मारत बसलो. संध्याकाळी घरी आलो तर दादा खाटेवर उठून बसलेला.

"संजू, दुपारी माह्या डाव्या पायाले काही तरी होऊन राह्यलं होतं बे. खालून कोणी ठोकल्यावानी... टप... टप..."

मला वाटलं, मुंग्या आल्या असतील. पण दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी ठरवून गंमत केली. मधेच थांबलो, मग जोडीने ठोके मारले, मग उगाच एक लांब विश्रांती. घरी येऊन तोंडातून अक्षर काढलं नाही. दादाने मांडीवर बोटांनी जसंच्या तसं वाजवून दाखवलं! आई रडत म्हणाली, "त्याच्या पायाचा अंगठा हालला रे, म्या माह्या डोळ्यानं पाह्यला."

सायन्सचा विद्यार्थी ना मी... एके दिवशी त्याला न सांगता नट आवळून माझ्या पायाला बसेल इतका ताण दिला आणि वाजवलं. त्या दिवशी त्याला काहीच जाणवलं नाही. परत सैल केला, परत ठोके सुरू. त्यानंतर मी त्या नटला हात लावणं बंद केलं.

अडचण माझ्या पायाची होती. माझा पाय जड. सैल स्प्रिंगवर हातोडी वेळेत मागे यायचीच नाही, पुढच्या ठोक्याला अडखळायची. टाच उचलून बघितली, स्टूल वरखाली केलं, हळू लयीपासून पुन्हा सुरुवात केली... सगळं व्यर्थ. सलीमभाई एक दिवस स्पष्टच बोलले, "यार संजू, तुहा डावा पाय गाडी मागं ओढून राह्यला. असंच चाललं तर मले दुसरा मानूस पाहा लागन." तरी मी नट आवळला नाही. तिकडे दादाच्या डाव्या पायाची बोटं हळूहळू हलायला लागली होती. पेडल दादाचंच होतं. काम गेलं तर ते घरी आणून वाजवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण घर त्या कामावरच चाललं होतं.

शेवटी दादाच म्हणाला, "मले घेऊन चाल नांदुऱ्याले. आईकतो एकदा."

ऑटो करून नेला, खुर्चीवर बसवला. मी वाजवलं. त्याने डोळे मिटले होते, डाव्या पायाची बोटं हलत होती आणि कपाळावर मात्र आठ्या. मी थांबल्यावर म्हणाला,

"सेटिंग माही काऊन ठेवली?"

"तुले मालूम नाही काय काऊन?"

"पाय घासून राह्यला तुहा. असं वाजवतेत काय बे? आवळ नट."

"नाही आवळत."

"संजू..."

"दादा, तुह्या पायात जीव येऊन राह्यला! मी नाही आवळत."

तो खुर्चीवरून खाली घसरला, फरशीवर हातांनी सरपटत ड्रमपाशी आला आणि स्वतःच्या हाताने नट आवळला. पट्टी दाबून ताण बघितला, माझ्या पायाकडे बघितलं, अजून थोडा आवळला. "वाजव," म्हणाला. मला रडू येत होतं, पण त्याच्या त्या आवाजापुढे लहानपणापासून माझं काही चाललेलं नाही.

मी वाजवलं. डावा पाय पहिल्यांदा सुटला, उजव्याच्या बरोबरीने, न अडखळता. सलीमभाई "वाह!" म्हणून ओरडले. दादा फरशीवर बसून डावा तळवा हातात धरून होता. त्याची बोटं थांबली होती.

"आता झाला तू ड्रमर," तो हसत म्हणाला.

"पायाचं सांग."

"चूप बसलाय."

घाबरून मी लगेच नट सैल केला आणि वाजवलं. काही नाही. त्यानंतर कितीतरी वेळा, अगदी त्याने स्वतः जुन्या ताणावर लावून दिल्यावरही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, नसांचं असं होतं, बाकी योगायोग. मग मांडीवर वाजवलेल्या त्या ठोक्यांचं काय? इथे कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा.

दादाचे पाय आजही तसेच आहेत. मी प्रत्येक कार्यक्रमाहून परतलो की तो जागा असतो आणि एवढंच विचारतो, "डावा कसा चालला?" मी म्हणतो, मस्त चालला. त्यावर तो इतका खूश होतो की मला त्याच्याकडे बघवत नाही.