रामलिंगआप्पांची धाकटी

अणदूरच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या रामलिंगआप्पांचा दुसरा कळप आभाळात चरतो. त्यात तीनच जणी. सोलापूरच्या विमानतळावर ये-जा करणारी ही छोटी जेट विमानं एकाच घराण्यातली. तेच नाक, तीच शेपटी, फक्त अंग कमीजास्त लांब. आप्पांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी करून टाकलं. काठीवर हनुवटी टेकून ते वर बघत राहिले की खालची मेंढरं खुशाल कुणाच्याही ज्वारीत शिरतात.

"आवो, वरच्यांला राखण लागत न्हाय, खालच्यांला लागतीय!" त्यांची बायको म्हाळसाबाई ओरडतात.

दिवाळीनंतर धाकटी दिसेनाशी झाली. थोरली यायची, मधली यायची, आणि मग आभाळ नुसतंच निळं राहायचं. आप्पांची भाकरी ताटात उरू लागली. तिकडं नळदुर्गच्या उत्तरेश्वर पाटलांनी रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलेलं. पण एक कोकरू चुकलं तरी मेंढरांचा वाडा हलवायचा नाही, हा आप्पांच्या घरचा शिरस्ता, आणि तो त्यांनी वरच्या कळपालाही लावला.

"धाकटी आल्याबिगर म्या माळ सोडणार न्हाय."

माळावर गवताची काडी उरली नाही. मेंढरं एकमेकांच्या लोकरीकडं आशेनं बघू लागली.

शेवटी सोलापूरला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, शिवकन्येला, म्हाळसाबाईंनी कामाला लावलं. ती विमानतळाच्या फाटकापर्यंत गेली.

"काय हरवलंय?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"विमान."

"कुणाचं?"

"आमच्या आप्पांचं."

तो पोट धरून हसला, पण आत जाऊन विचारून आला. संध्याकाळी लेकीचा फोन : "आप्पा, हरवली न्हाय ती. काही महिने दुसऱ्या गावच्या विमानतळाला दिलीया. मग परत इकडंच."

आप्पांनी हळूच विचारलं, "म्हंजी, करारानं गेलीया?"

"व्हय, करारच की."

अणदूरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्याचा खंडोबाच दरसाल लेखी करार करून नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि ठरल्या वेळी परत येतो. देवाला जे चालतं ते विमानाला का चालू नये?

दुसऱ्या दिवशी वाडा हलला. कोवळ्या उन्हातल्या धुळीतून मेंढरं नळदुर्गाकडं निघाली, ढगच खाली उतरून चालल्यासारखी. डोक्यावरून थोरली गेली, काही वेळानं मधली. आप्पा थांबले. तिसरीच्या मोकळ्या जागेकडं बघत त्यांनी कमरेच्या पिशवीतला हळदीचा भंडारा मूठभर उधळला.

"जाताना निरोप द्यायचा ऱ्हायला हुता तिला."

वाऱ्यानं तो सगळा भंडारा परत आणून मेंढरांवर आणि म्हाळसाबाईंवर टाकला.

"आवो, डोळ्यात गेला की माझ्या! आन् मेंढरं बघा कशी पिवळी केलीसा."

"ऱ्हाऊ दे पिवळी," आप्पा म्हणाले, "येताना तिला वरनं वळखू येतील."